कापसाची खोली

४ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही मास्तरांच्या छडीला घाबरत घेतलेलं, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाल. तिकीट पुरेल ना, म्हणून पोस्टात दोनदा विचारून आलो. खिडकीतली बाई म्हणाली, "आजोबा, पुरेल. आता तिसऱ्यांदा आलात तर तुम्हालाच तिकीट लावून पाठवीन." तरी धाकधूक आहेच. पत्र पोचलं नाही तर तुला वाटेल बाबांनी लिहिलंच नाही.

कारण एवढंच, की धाकटा जातो आहे. अठ्ठावीस तारखेला. बंदरावरच्या शीतगृहात पेट्या रचायचं काम आहे, तीन वर्षांचा करार. इथून दोन दिवसांचा प्रवास. तो जाण्याआधी तू त्याला एक फोन कर. फार बोलू नकोस. "पोचलास की कळव" एवढं म्हणालीस तरी पुरे. तुझ्या आईला जाऊन अकरा महिने होत आले आणि तेवढेच महिने तू त्याच्याशी बोललेली नाहीस. मी पिकलं पान. माझ्यामागे तुम्ही दोघंच एकमेकांना.

आतल्या खोलीतलं त्याचं सामान तो आता काढतो आहे. तुझ्या मनात आहे की त्याने आईपेक्षा त्या खोलीवर जास्त जीव लावला. तू नर्स, तुझी नोकरी लांब, ती खोली तयार होताना तू पाहिली नाहीस. म्हणून सांगतो. त्या खोलीत त्याचं असं काय होतं? कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे पडलेला, कोणीतरी सोडून गेलेला. कॅमेरा म्हणून त्याचाच जुना मोबाइल, काच तडकलेला, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला. टेबल म्हणजे माझ्या दुकानातली खोळी कापायची फळी, दोन ट्रंकांवर टाकलेली. उजेडासाठी माझा शिवणाचा दिवा, त्यावर पातळ कागद. माइक एका मोडक्या दिव्याच्या हाताला लटकवलेला आणि त्यावर माझा मोजा चढवलेला. तोंडाची फुंकर माइकवर आपटू नये म्हणून. धुतलेला मोजा होता, तुझी आई हसून हसून बेजार झाली होती. लकव्याने तोंड एका बाजूने हलत नव्हतं तरी हसली.

मला आधी हे काही पटलं नव्हतं. मी म्हणालो, "तू खेळणार आणि लोक आपापल्या घरी बसून तुला खेळताना बघणार? एवढं रिकामटेकडं कोण आहे?" तर म्हणाला, "बाबा, रस्त्यात खड्डा खणत असले की तुम्ही तासभर उभं राहून बघता ना? तसंच." खरंच बघतो मी.

आणि तो कामाला होता ते गोदाम बंद पडल्यावर त्याने दुसरं काम शोधलं नाही असं तू म्हणालीस, ते बरोबर नाही. दोन मिळाली होती. दोन्ही सोडली, कारण तुझ्या आईला कुशीवर वळवायला माझे हात पुरत नव्हते. घरी बसून काही होईल का, म्हणून त्याने हे मांडलं. ट्रक चालवायचा खेळ. लांबच लांब रस्ते, डोंगर, पूल. तो गाडी हाकत लोकांशी गप्पा मारायचा. तीस-चाळीस माणसं रोज यायची. आई समोरच्या खोलीतल्या खाटेवरून उघड्या दारातून ते रस्ते बघायची. तीन वर्षांत ती घराबाहेर पडली ती तेवढीच.

एक फोन कर. तारीख विसरू नकोस, अठ्ठावीस.

तुझे बाबा

९ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही. पोस्टमन आता मला लांबून बघूनच मान हलवतो. म्हणजे नाही. काल रात्रीपासून छातीत जळजळ आहे, पण ते वांग्यामुळे. काळजी करू नकोस. करत असशील असं नाही, आपलं लिहिलं.

मागच्या पत्रात खोलीचं लिहिलं, पण दाराचं लिहिलं नाही. ते लिहायला हवं, कारण दार मी बंद केलं, त्याने नाही.

झालं असं, की माइक स्वस्तातला. धाकटा म्हणायचा, महाग माइक फक्त समोरच्याचं ऐकतो, हा सगळ्या गावाचं ऐकतो. कुकरची शिट्टी जायची, माझं फोनवर ओरडणं जायचं, आणि तुझ्या आईचा खोकला जायचा. एकदा बघणाऱ्यांपैकी कोणीतरी लिहिलं, "मागे म्हैस बांधली आहे का?" त्यावर बाकीचे हसले. धाकट्याचे कान लाल झाले. खेळ तिथेच बंद करून बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा हळू आवाजात सांगितलं. आईने ऐकलं. तिचे कान शेवटपर्यंत तिखट होते.

त्यानंतर तो खेळायला बसला की ती पांघरुणाचं टोक तोंडात धरायची. मी पाहिलं ते. खोकला दाबून दाबून तिचे डोळे पाण्याने भरायचे.

म्हणून मी म्हणालो, मी गादीवाला आहे. चाळीस वर्षं लोकांच्या पाठीखाली कापूस घातला, आता भिंतीला घालतो. दुकान बंद केलं तेव्हाच्या जुन्या गाद्या माळ्यावर होत्या. त्या उसवल्या, कापूस हाताने मोकळा केला, लाकडी चौकटी करून त्यात ठासून भरला, वर खोळ चढवून दाभणाने टाके घातले. चारी भिंती झाकल्या. खिडकी झाकली, तिथला मोबाइल चौकटीला बांधला. दारालाही आतून-बाहेरून चौकट बसवली आणि फटीत काथ्याची वळी. धाकटा आत जाऊन ओरडला, मी बाहेर कान लावून उभा. काही नाही. मुंगी शिंकली तरी बाहेर येणार नाही असं काम झालं. तुझ्या आईला म्हणालो, "आता खोक हवी तेवढी!" तिने डावा हात उचलून दाराकडे काहीतरी खूण केली. मला वाटलं, छान झालं म्हणते आहे.

तिला हाक मारता येत नव्हती म्हणून काहीतरी खूण हवीच होती. दुकानात कारागिराला बोलवायची घंटी होती, ती लावणार होतो. धाकटा म्हणाला, घंटी माइकमध्ये जाईल. म्हणून मग लाल दिवा. घंटीचं बटण तिच्या डाव्या हाताशी, वायर दाराखालून आत, आणि दिवा त्याच्या पडद्याच्या बरोबर वर. बटण दाबून धरलं तोवर दिवा पेटतो, सोडलं की विझतो. दिवा पेटला की तो गाडी बाजूला घ्यायचा, लोकांना म्हणायचा, "आलोच, आईसाहेबांचा सिग्नल," आणि बाहेर पळायचा. कधी पाणी हवं असायचं, कधी नुसतंच. तीसुद्धा गंमत करायची.

बारा मार्चचं तुला सगळं माहीत आहे. दुपारची वेळ. मी खाली घड्याळवाल्याकडे गेलो होतो, दहा मिनिटं. फार तर वीस. परत आलो तर तुझी आई उशीवरून घसरलेली, ओठ निळे. खोकला लागला की लगेच उठवून बसवायचं, हे तू दोघांना दहादा शिकवलं होतंस. उठवायला कोणी नव्हतं. बटण तिच्या मुठीत होतं. मूठ सोडवावी लागली.

हे पुन्हा लिहून तुला त्रास दिला. पण माणसाची नजर एखादवेळी दिव्यावर जात नाही. घाट असेल, वळण असेल. तो तुझा लहान भाऊ आहे. माफ कर त्याला.

तुझे बाबा

१५ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

काल जावईबापूंचा फोन आला. भला माणूस आहे. म्हणाले, "पत्रं दोन्ही पोचली. ती वाचते, घडी घालून ठेवते, बोलत नाही. एकच वाक्य बोलली, की दिवा मी स्वतः लावून बघितला होता."

हो. बघितला होतास. मी तिथेच होतो. तू रात्रभर प्रवास करून आलीस, चप्पलसुद्धा न काढता खाटेपाशी गेलीस, बटण उचललंस आणि मला म्हणालीस, "दार उघडा." मी उघडलं. तू दाबलंस आणि आत दिवा लागला. सोडलंस, विझला. असं तू चार वेळा केलंस. शेजारपाजारचे उभे होते. वरच्या मजल्यावरची शिवणवाली डोळ्यांना पदर लावून उभी होती. तू भावाला म्हणालीस, "नाकासमोर दिवा होता रे. नाकासमोर! आई दाबत होती आणि तू खेळत होतास." तो म्हणाला, "ताई, मला नाही दिसला." तू म्हणालीस, "मला ताई म्हणू नकोस."

त्या दिवसापासून त्याने खेळ बंद केला. खोली तशीच ठेवली, पण यंत्र कधी लावलं नाही. आत जातो, दार लावून घेतो आणि बसतो. आत काय करतो ते कळत नाही, कारण आतला आवाज बाहेर येत नाही. मी चहा घेऊन जातो. दार उघडलं की तो खुर्चीत बसलेला असतो, त्या विझलेल्या दिव्याकडे तोंड करून. अंधारात. मला जेवण जात नाही. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे मी दिवसातून वीसदा बघतो. तो घरात असला की आणखीच.

मी विचार करतो आहे की वायर सैल असेल. कधी लागत असेल, कधी नसेल. मी काही वायरमन नाही, जोडणी मीच केली होती, माझ्या हातून काही राहिलं असेल. तू बटण दाबलंस तेव्हा लागला, पण आदल्या दिवशी दुपारी लागला नसेल. असं होऊ शकतं. विजेचं काय सांगावं? वायरमनला बोलावलं आहे, तो बघेल आणि तसं असेल तर मी त्याच्याकडून लिहून घेईन. मग तर तुझी खात्री पटेल ना? त्यात धाकट्याचा दोष राहणार नाही. माझाही फार नाही. चूक म्हणता येईल, हयगय नाही.

तेरा दिवस उरले.

तुझे बाबा

२१ फेब्रुवारी

चि. थोरलीस,

वायरमन येऊन गेला. पालथा पडून वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. उठून हात झाडत म्हणाला, "काका, एकदम ठणठणीत आहे. जोडली कोणी?" मी म्हणालो, मीच. "मग काय, तुमच्यामागे पन्नास वर्षं चालेल." मी म्हणालो, सैल आहे असं लिहून द्याल का. तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" चहासुद्धा न घेता गेला.

वायर सैल नव्हती. मला माहीत होतं ती सैल नव्हती. आता लिहितो. हात थांबला तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही, म्हणून सरळ लिहितो.

कापसाची खोली मी केली ती भक्कम केली. इतकी, की तिच्यात हवाही येईना. कॉम्प्युटर जुना, तो तापायचा आणि खेळ चालू असताना मध्येच बंद पडायचा. बंद पडला की माणसं निघून जायची, परत यायची नाहीत. त्या दुपारी तो दोनदा बंद पडला. मी समोरच्या खोलीत तुझ्या आईजवळ होतो. धाकटा घामाने निथळत बाहेर आला, तोंडावर पाणी मारलं, परत आत गेला. मला वाईट वाटलं. भिंती माझ्या, ऊब माझी. म्हणून मी छोटा पंखा उचलला आणि आत नेला.

आत बोर्ड एकच होता, चार पिना बसतील असा. कॉम्प्युटर, पडदा, शिवणाचा दिवा आणि तुझ्या आईचा दिवा. पाचवी जागा नव्हती. मोठा बोर्ड घेऊ घेऊ म्हणता म्हणता राहून गेला होता, स्वस्तात भागवायचं म्हणून. मी आईच्या दिव्याची पिन काढली आणि पंख्याची लावली. मनात म्हटलं, मी बाहेर बसलोच आहे तिच्यापाशी, दिवा हवाय कशाला. तसं मी बोललोही. पण त्याच्या कानावर ते मोठे हेडफोन होते आणि माझ्याकडे त्याची पाठ होती.

बाहेर आलो. तुझ्या आईला झोप लागली होती. घड्याळवाल्याने खालून हाक मारली, चहा आलाय म्हणाला. मी उतरलो. जिन्यात एकदा वाटलं, कोणी नाही तिच्याजवळ. मग वाटलं, दिवा आहे ना.

दिवा आहे ना, असं वाटलं मला. पिन काढून पाच मिनिटं झाली नव्हती.

दहा मिनिटं नव्हती, वीसही नव्हती, त्याहून खूप जास्त होती. घड्याळवाल्याकडे पाच घड्याळं डोळ्यांसमोर टिकटिकत होती, आणि मी त्याला कापूस कसा ओळखायचा ते सांगत बसलो होतो.

पुढचं याहून वाईट आहे. डॉक्टर येऊन गेला, म्हणजे जाण्याआधी हात धूत होता. धाकटा आईचे पाय धरून जमिनीवर बसला होता. मी आत गेलो. पंखा अजून फिरत होता. मी पंख्याची पिन काढली आणि दिव्याची परत लावली. पंखा माळ्यावर टाकला. का, ते विचारू नकोस. मी रोज विचारतो. चोराला चोरी सुचते तशी नाही सुचली, हात आपोआप चालले. शिवणीत उलटा टाका पडला तर गिऱ्हाईक बघायच्या आत उसवतो, तसे. पण दुसऱ्या दिवशी तू बटण दाबलंस, दिवा लागला, तू त्याला बोललीस, आणि तेव्हा हात नाही, तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पहिल्या दिवशी नाही उघडलं, मग दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचंही ओझं आलं. असे अकरा महिने.

काल मी त्याला सांगायला गेलो. तुला लिहिण्याआधी त्याला सांगावं म्हटलं. तो ट्रंकेत पुस्तकं भरत होता. मी दार लावून घेतलं. म्हणालो, "अरे, त्या दिवशी दिव्याची पिन..."

तो म्हणाला, "माहीत आहे."

मी ट्रंकेवर बसलो.

"कसं माहीत?"

त्याने कॉम्प्युटर लावला. मी म्हटलं ना, तो कधी लावत नव्हता, ते खरं नव्हतं. मी नसताना लावत होता. खेळ झाला की त्याची फिल्म कुठेतरी आपोआप जपून राहते, मला काय ठाऊक. सगळ्या पडद्यावर रस्ता, आणि कोपऱ्यात छोट्या चौकोनात तो, हेडफोन घातलेला. त्याच्यामागे दार उघडतं आणि बनियनवर एक म्हातारा पंखा घेऊन येतो. त्या म्हाताऱ्याला मी ओळखायला जरा वेळ लागला. म्हातारा वाकतो, पिन काढतो, दुसरी लावतो. आणि म्हणतो, स्वच्छ ऐकू येतं, "पंखा लावतोय रे. आईच्या दिव्याची पिन काढली आहे. मी आहे तिच्यापाशी, तू चालव." तो सगळ्या गावाचं ऐकणारा माइक. धाकट्याने नाही ऐकलं, माइकने ऐकलं. खाली कोणीतरी लिहिलं आहे, "काका बनियनवर!" धाकटा ते वाचून हसतो, मागे वळून बघतो, तोवर म्हातारा गेलेला असतो.

मी विचारलं, "कधी बघितलंस हे?"

"एप्रिलमध्ये."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही सांगाल."

तोच पुढे म्हणाला, "रोज वाटायचं. तुम्ही चहा घेऊन दारात उभे राहायचा, मला वाटायचं, आता. मग तुम्ही विचारायचा, साखर बरोबर आहे का."

"ताईला का नाही दाखवलंस?"

"तिची आई गेली, बाबा. तिचे बाबा पण मी घालवू?"

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी त्याला म्हणालो, जाऊ नकोस. तो म्हणाला, "मी आईमुळे नाही चाललो." आणि पुस्तकं भरू लागला.

या पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात ती फिल्म आहे. धाकट्याला न विचारता दुरुस्तीवाल्याकडून भरून घेतली. खिडकीतल्या बाईला या खेपेला काही विचारलं नाही, तिकिटं दुप्पट लावली. सगळी बघू नकोस. म्हातारा येऊन जातो तेवढीच बघ, मग बंद कर. पुढे बावन्न मिनिटं धाकटा नुसती गाडी चालवतो आणि मागे पंखा फिरत राहतो. मी ती सगळी बघितली.

मला लिहू नकोस हवं तर. त्याला फोन कर. अठ्ठावीसला दुपारची बस आहे.

बाबा

६ मार्च

चि. थोरलीस,

धाकटा गेला.

बसथांब्यावर मी त्याच्यासोबत होतो. येऊ नका म्हणाला होता, पण मी गेलो. एक उशी दिली त्याला, लहान, प्रवासात मानेखाली घ्यायला, नवा कापूस घालून. त्याने घेतली. नको म्हणेल अशी भीती होती. बस उशिरा होती आणि आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. मी तीनदा विचारलं तिकीट घेतलंस का. तिन्ही वेळा त्याने खिशातून काढून दाखवलं.

तेव्हा त्याचा फोन वाजला. पडद्यावर "ताई" लिहिलेलं मी वाचलं. चौथीचं शिक्षण तेवढ्याला पुरतं. तो उठून पलीकडे खांबामागे गेला. बराच वेळ बोलत होता. मला फक्त त्याची पाठ आणि एक खांदा दिसत होता. तो खांदा हलत होता. मग थांबला. मग त्याने बाहीने तोंड पुसलं आणि परत आला.

मी म्हणालो, "काय म्हणाली?"

"म्हणाली, पोचलास की कळव."

"आणि?"

"अजून बरंच."

मी विचारलं, "माझं काही?"

तो बस येते त्या बाजूला बघत म्हणाला, "नाही."

बस आली. चढताना त्याने माझ्या खांद्याला हात लावला. गर्दीत तोल सांभाळायला लावला की मुद्दाम, ते मला कळलं नाही. पोचल्याचं त्याने तुला कळवलंच असेल. मला जावईबापूंकडून समजलं.

तू फोन केलास, माझं मागणं तेवढंच होतं. आणखी काही मागत नाही. हे पत्र उत्तरासाठी नाही. एक गोष्ट माझ्याजवळ ठेवून घेता येत नाही, सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितो.

गुडघा धरला आहे, त्यामुळे मी आता तुझ्या आईच्या खाटेवर निजतो. आतल्या खोलीतलं सामान धाकट्याने दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलं. फळी मागे ठेवली, माझी म्हणून. मोजाही धुऊन फळीवर ठेवला होता. बोर्ड आहे, त्याच्या चारी जागा रिकाम्या होत्या. एका जागी मी दिव्याची पिन लावून ठेवली आहे. बटण अजून खाटेच्या कडेला आहे.

काल दुपारी पडल्या पडल्या मी ते दाबलं. दार बंद होतं. दाबून धरलं आणि बघत राहिलो. या खाटेवरून काहीच दिसत नाही. ना फटीतून लाल रेघ, ना टक असा आवाज. काम मी पक्कं केलं आहे. दिवा लागला आहे का ते बघायला उठलो, तर बटण सुटलं. दार उघडेपर्यंत आत अंधार. तीनदा तसंच केलं.

तुला वाटलं, तिने दाबलं आणि त्याने बघितलं नाही. मला अकरा महिने वाटत राहिलं, तिने दाबलं आणि दिवा लागलाच नाही. पण तिचं काय, ते मी कधी मनात आणलंच नव्हतं. तिला इथून ते दिसतच नव्हतं. पिन काढली आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती दाबून धरून होती, थोरले, मूठ सोडवावी लागली इतकं घट्ट. म्हणजे शेवटपर्यंत तिला वाटत होतं की आत दिवा पेटला आहे. आम्हाला दिसतो आहे. आणि तरी आम्ही कोणी येत नाही.

बाबा